जुन्नर परिसरातील स्थलनामे आणि प्राकृताचा वारसा

भाषा लोकव्यवहारातून लोपली तरी स्थलनामांत तिचे अवशेष टिकून राहतात. अमेरिकेतील ओसेज ही मातृभाषा असलेली अखेरची व्यक्ती २००५ मध्ये निवर्तली. ओक्लाहोमातील परगण्याचे ‘ओसेज’ हे नाव मात्र कायम आहे, आणि तेही मूळ ‘वाझाझे’चे फ्रेंच उच्चाराने बदललेले रूप होय. प्राकृताची गती निराळी; ती मराठीत परिणत झाली. तरीही जुन्नर परिसरातील नावांत तिच्या खुणा स्वतंत्रपणे दिसतात. येथील नाणेघाटात नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहेच.

‘जुन्नर’ हे नाव ‘जीर्णनगर’वरून आले, असे आपण वर्गात सहज सांगून मोकळे होतो. परंतु ‘जीर्ण’चे थेट ‘जुने’ होत नाही. मध्ये प्राकृत ‘जुण्ण’ आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबर प्राकृतासही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तरी व्युत्पत्ती सांगताना नेमकी हीच पायरी आपण गाळतो. ‘नगर’चे प्राकृतात ‘णयर’ होते आणि ‘अय’चा ‘ए’ होऊन ‘नेर’ हे रूप सिद्ध होते. आणे पठारावरून पूर्वेस गेल्यास पारनेर तालुका लागतो, उत्तरेस संगमनेर आहे; दोन्हींत ते स्पष्ट ऐकू येते. ‘जुन्नर’मध्ये मात्र ‘जुण्ण’ व ‘णयर’ एकमेकांत मिसळून ‘नेर’चा केवळ ‘नर’ उरला.