मनोहर श्याम जोशी : ‘हम लोग’चे लेखक

जन्म : १९३३, अजमेर. निधन : २००६, दिल्ली.

पेशा : पत्रकारिता, ‘साप्ताहिक हिंदुस्तान’चे संपादक.

मालिका : दूरदर्शनवरील ‘हम लोग’ (१९८४-८५), दीडशेहून अधिक भाग; ‘बुनियाद’ (१९८६-८७), फाळणीत लाहोरला मुकलेल्या कुटुंबाची कथा.

प्रेक्षकांचा कौल : ‘हम लोग’च्या प्रत्येक भागाच्या अखेरीस अभिनेते अशोककुमार पडद्यावर येऊन, हलक्याफुलक्या द्विपदींची पखरण करीत, कथेतील पेचाविषयी प्रेक्षकांशी हितगुज करीत, आणि म्हणूनच मालिकेतील थोरली मुलगी बडकी हिच्या विवाहाचा प्रश्न आपल्याच घरचा मानून घरोघरी जी चर्चा रंगे, तिचे पडसाद अशोककुमारांच्या नावे आलेल्या हजारो पत्रांतून उमटत. लेखणीच्या सामर्थ्याची याहून अस्सल सनद कोणती?

सन्मान : ‘क्याप’ कादंबरीस २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार.