रुमालाखालची बोटे
अहिल्यानगर जिल्ह्यातील काष्टीसारख्या गुरांच्या बाजारात हेडी रुमालाखाली गिऱ्हाइकाची बोटे चाचपून बैलाचे मोल ठरवितो, तेव्हा त्या खुणांना अर्थ असतो, व्याकरण नसते. भाव जुळेल, परंतु ‘काल बैल कोणी विकला?’ एवढे विचारण्याची सोय त्या रुमालाखाली नाही.

बधिरांच्या भारतीय सांकेतिक भाषेत ती सोय आहे: ‘काल, बैल, विकणे, कोण’, कारण तेथे प्रश्नवाचक खूण बहुधा वाक्याच्या अखेरीस येते. अशा भाषांना स्वतंत्र घडण असते हे विल्यम स्टोकी यांनी अमेरिकेत १९६० साली दाखविले. विद्वानांना हा उशीरच झाला म्हणायचा.

बोट दाखविणे ही तर आपणा सर्वांचीच लकब. पण बधिर व्यक्ती गैरहजर माणसासाठी हवेत एक जागा मुक्रर करते, आणि पुढे संभाषणभर त्या रिकाम्या जागेकडे वळलेले बोट ‘तो’ हे सर्वनाम होते.