भय आणि धैर्य: नगर जिल्ह्यातले ग्रंथ

रसशास्त्रात. भयानक रसाचा स्थायीभाव भय, वीररसाचा उत्साह. भरताने वीराचे तीन प्रकार सांगितले: दानवीर, धर्मवीर, युद्धवीर. रणांगण त्यांपैकी एकालाच लागते.

नेवासे, शके १२१२ (इ. स. १२९०). प्रवरेकाठी ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली गेली. ओव्या सुमारे ९,०००. भयाचे तीन टप्पे:
- अध्याय १: अर्जुनाला कंप, तोंडाला कोरड, हातून गांडीव गळते. कारण मृत्यूची भीती नव्हे, स्वजनांच्या वधाची.
- अध्याय ११: विश्वरूप पाहून तो घाबरतो आणि कृष्णाचे ओळखीचे रूप परत मागतो. ग्रंथातला सर्वोत्कट भयप्रसंग हाच.
- अध्याय १६: दैवी गुणांच्या यादीत पहिले नाव ‘अभय’.

अहमदनगरचा किल्ला, १९४२–४५. ‘भारत छोडो’ ठरावानंतर काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य येथे स्थानबद्ध. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ १९४४ मध्ये येथेच लिहिले. मौलाना आझादांचे ‘गुबार-ए-खातिर’ (१९४६) म्हणजे येथून लिहिलेली, पण न धाडलेली उर्दू पत्रे. पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात अत्यवस्थ होत्या. आझादांनी सरकारकडे सवलत मागितली नाही. एप्रिल १९४३ मध्ये त्या गेल्या. बाहेरून शांत राहताना आत काय चालले होते, ते त्यांनी पत्रात लिहून ठेवले आहे.

धामणगाव, ता. अकोले. दया पवारांचे जन्मगाव. ‘बलुतं’ (१९७८) हे त्यांचे आत्मकथन. येथे भीती जातिव्यवस्थेची आहे. दगडू पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, अशी रचना, दोघे एकच.