नदीचे फुकटचे वकील

वकील म्हटला की आधी फी आठवते, आणि नदीजवळ कुठली आलीय फी! न्यूयॉर्क शहराला खेटून वाहणाऱ्या हडसन नदीला मात्र 1987 मध्ये फुकटचे वकील मिळाले, आणि तेही अजून शिकणारे.

हडसनवर पिढ्यान्‌पिढ्या कोळी पोट भरत आले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दोन कारखान्यांतून सुमारे तीस वर्षं, 1977 पर्यंत, पीसीबी नावाची विजेच्या उपकरणांत वापरायची तेलकट रसायनं नदीत जात राहिली. ती माशांच्या चरबीत साठतात. 1976 मध्ये सरकारने धंद्याची बहुतेक मासेमारी बंद केली. विष कंपनीचं आणि चूल विझली कोळ्यांची!

कोळ्यांनी आणि नदीवर जीव असणाऱ्या मंडळींनी 1966 मध्येच संघटना काढली होती. 1983 पासून तिचा पगारी ‘नदीरक्षक’ होडीतून पहारा करू लागला. पण चोर सापडला तरी कोर्टात उभं कोण राहणार? व्हाइट प्लेन्स गावच्या पेस विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी हे काम उचललं. तिकडे याला ‘क्लिनिक’च म्हणतात. डॉक्टरीची मुलं खरे रोगी तपासून शिकतात ना, तसंच हे. कोर्टाची खास परवानगी घ्यायची आणि प्राध्यापकांच्या देखरेखीखाली खरा खटला चालवायचा.

काम तसं कंटाळवाणं. 1972 च्या स्वच्छ पाणी कायद्याप्रमाणे कारखान्याने किती घाण सोडायची ते परवान्यात लिहिलेलं असतं, आणि प्रत्यक्षात किती सोडली ते आकडे त्यालाच सरकारला कळवावे लागतात. ते कागद कुणालाही पाहता येतात. वाण्याचं बिल आपण वहीशी ताडून पाहतो तसे विद्यार्थी हे आकडे परवान्याशी ताडतात. जास्त निघाले की कारखान्याचाच कागद पुरावा! मग साठ दिवसांची नोटीस, आणि तरीही सुधारणा नाही तर खटला. दंड सरकारी तिजोरीत जातो. फिर्यादीला त्यातलं काही मिळत नाही, हे मला फार आवडलं.

आपल्या 1974 च्या पाणी-प्रदूषण कायद्यातही 1988 मध्ये सामान्य माणसासाठी अशीच साठ दिवसांच्या नोटिशीची वाट केली गेली. आणि मैत्रिणींनो, 1987 च्या कायद्याने स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मागता येतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. तो मराठीत लिहिलेला चालतो.