खाजणाचा बांध आणि त्याची निगा

मांडवी व झुआरी या नद्यांच्या काठची खाजणे भरतीच्या पातळीहून सखल आहेत. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन असल्याचे मानले जाते. खाडीचे खारे पाणी आणि पावसाळी पूर यांपासून तिचे रक्षण करतो तो मातीचा बांध. हा बांध नसता, तर चोडण-दिवाडी बेटांवरील कित्येक शेते दिवसातून दोन वेळा पाण्याखाली गेली असती.

खाडीतील चिकण गाळ थरांवर थर दाबून हा बांध उभारला जातो. नदीच्या बाजूस त्याला जांभ्या दगडाचे अस्तर असते आणि समोरची खारफुटी लाटांचा जोर मोडते. बांधात ठिकठिकाणी मानशी बसविलेल्या असतात. मानशीच्या लाकडी झडपा भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटी लागताच आतील पाण्याच्या रेट्याने उघडतात. भरती असताना डोंगरउतारावरून आलेले पावसाचे पाणी पोंयीत साठून राहते व ओहोटीबरोबर नदीत जाते. म्हणूनच पोंय बुजविली, तर तेच पाणी शेतात तुंबते.

असा बांध बहुधा एकाएकी फुटत नाही. खेकड्याने वा उंदराने पाडलेल्या लहानशा भोकातून भरतीचे पाणी आत व ओहोटीचे बाहेर वाहू लागते. प्रत्येक फेरीत थोडी माती सुटते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, विशेषतः त्याच वेळी मुसळधार पाऊस असल्यास, खिंडार पडते. मासळीच्या लोभाने भरतीच्या वेळी झडपा मुद्दाम उघड्या ठेवल्यासही वेगवान प्रवाहाने मानशीचा पाया खचतो. खारटपणा सोसणारे कोरगुट भातसुद्धा तुंबलेल्या खाऱ्या पाण्यात तग धरीत नाही आणि जमिनीतील क्षार धुऊन निघण्यास एकाहून अधिक पावसाळे लागू शकतात.

पूर्वी या बांधांची व्यवस्था गावकरी म्हणजेच कोमुनिदाद पाहत असे. १९६४ चा कूळ कायदा व १९७५ चे नियम यांन्वये कुळांच्या संयुक्त जबाबदारीची कामे कूळ संघांकडे आली. मात्र जेथे शेती पडीक राहिली, तेथे बांधाकडे पाहणारे डोळेही कमी झाले. एका शेतकऱ्याच्या शेताजवळ पडलेले खिंडार साऱ्या खाजणाचे पीक बुडविते, हे लक्षात घेता ही जबाबदारी कोणा एकट्यावर सोडता येणार नाही.

यासाठी पावसाळ्यापूर्वी संपूर्ण बांधाची पाहणी करावी आणि पुढे प्रत्येक उधाणानंतर ती पुन्हा करावी. भरतीच्या वेळी बांधाच्या आतील बाजूस ओल वा पाझर दिसतो का, ते पाहावे. पाझर स्वच्छ असेल, तर त्यावर नजर ठेवावी. तो गढूळ असेल, तर बांधातील माती वाहून जात आहे असे समजावे आणि विलंब न लावता कूळ संघास व विभागीय कृषी कार्यालयास कळवावे. भोके वाळूने न बुजविता चिकण मातीने ठासून भरावीत आणि झडपांच्या कुजलेल्या फळ्या वेळीच बदलाव्यात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सुरक्षित अंतरावरून मानशीचे कार्य प्रत्यक्ष दाखविल्यास ही जाण पुढील पिढीतही रुजेल.

मे महिन्यात चार टोपल्या चिकण मातीने जे भोक बुजते, तेच जुलैच्या उधाणात साऱ्या गावाच्या श्रमांनाही आवरत नाही.