सायकलीचे भांडवल आणि चालू खर्च

वसई पूर्वेच्या वालीव परिसरातील औद्योगिक गाळ्यांत जुने लेथ यंत्र सहजासहजी भंगारात निघत नाही. त्याचा ओतीव पाया भक्कम असतो. बेअरिंग, पट्टे, चक झिजले की तेवढेच बदलतात. हातबनावटीची रोड सायकलही याच न्यायाने सांभाळावयाची असते.

अशा सायकलीची चौकट स्वाराच्या शरीरमानाला बेतून घडविलेली असते. पुण्यात निवृत्त विंग कमांडर शशिशेखर पाठक यांनी बांबूच्या सायकली हाताने घडविल्या; परंतु या कलेचे जुने व रूढ साहित्य म्हणजे पोलादी नळ्या. हिशेबाच्या भाषेत चौकट हे भांडवल आणि चेन, टायर, ब्रेकचे रबर हा चालू खर्च. चौकट अंगाला बसत नसेल, तर महागडे सुटे भाग जोडूनही ती उणीव भरून निघत नाही.

सुधारणेचा पहिला रुपया टायर आणि ब्रेकवर खर्चावा, कारण महामार्गालगतच्या रस्त्यावर जीव त्यांच्यावरच अवलंबून असतो. त्यानंतर चेन. नव्या चेनचे बारा इंच म्हणजे 304.8 मिलिमीटर. तेवढ्याच कड्या सुमारे दीड मिलिमीटरने लांबल्या की चेन बदलावी. हा छोटा खर्च टाळला, तर तिच्याहून महाग दातेरी चकत्याही झिजतात.

चाके आणि गिअर यांची पाळी नंतर येते. येथे मापांची गाठ पडते. जुन्या 27 इंची चाकाच्या रिमचा टायर बसण्याच्या जागेचा व्यास 630 मिलिमीटर, तर प्रचलित 700सी चाकाचा 622. ब्रेकचे रबर चार मिलिमीटर खाली पोहोचत नसेल, तर नवी चाके घरात पडून राहतात. मागील दांड्यांमधील अंतरही पूर्वी 126 मिलिमीटर असे, पुढे ते 130 झाले. पोलादी चौकट कुशल कारागीर तेवढी रुंदावू शकतो. ॲल्युमिनियम, कार्बन वा बांबूच्या बाबतीत तसा प्रयत्न करू नये. शिमानो कंपनीने 1990 साली ब्रेक व गिअर एकाच मुठीत आणले. अशी मूठ आणि मागील चकत्या एकमेकींशी जुळणाऱ्याच घ्याव्यात. एक भाग स्वस्तात घेतला, की त्याच्यामागे तीन घ्यावे लागतात.

म्हणून प्रत्येक सायकलीची स्वतंत्र वही असावी. तारीख, भाग, किंमत आणि त्या वेळी झालेले किलोमीटर, एवढ्या चार नोंदी पुरेत. दोन-तीन वर्षांत झीज कोणती आणि हौस कोणती, हे वहीच सांगू लागते. काढलेला सुस्थितीतील भाग जपून ठेवावा, म्हणजे घरातील दुसऱ्या सायकलीला तो उपयोगी पडतो. चौकट मात्र दरवर्षी जोडांपाशी तपासावी. तेथे तडा दिसला, तर बाकी सर्व खरेदी थांबवून आधी कारागीर गाठावा.