गायीची बसायची जागा

एक कोडं घालू? दिवसाचे तास २४. त्यातले किती तास गाय बसून काढते? दोन? चार? छे! चांगले १० ते १४ तास! म्हणजे जवळजवळ अर्धा दिवस!

तिला आळशी म्हणू नकोस हं! बसल्या बसल्या तिचं काम जोरात चालू असतं. चरताना गाय भराभर गवत गिळते. मग निवांत बसली, की गिळलेला घास पुन्हा तोंडात येतो आणि ती तो सावकाश चघळते. हाच रवंथ! शिवाय गाय बसली, की कासेकडे जास्त रक्त वाहतं. आणि दूध बनवायला लागणारं सगळं सामान कासेला रक्तच तर आणून देतं!

यातली झोप किती असेल? पुरती झोप जेमतेम चारेक तास. तीही तुकड्या-तुकड्यांत!

आता खरी गंमत ऐक. संशोधकांनी काही गायींना थोडे तास बसू दिलं नाही आणि खाऊही दिलं नाही. मग दोन्ही मोकळं केलं. गायी आधी कुठे गेल्या असतील? गव्हाणीकडे? नाही! आधी बसल्या! पोटात भूक असूनही!

मग बसायची जागाच वाईट असली तर? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच तपासलं. गायींना अंथरायला त्यांनी लाकडाचा भुसा दिला. एकदा कोरडा, एकदा ओला. कोरड्या भुशावर गायी दिवसाला जवळजवळ १४ तास बसल्या. आणि ओल्या भुशावर? ९ तासांहूनही कमी! पाच तासांची विश्रांती गेली, फक्त ओलाव्यामुळे! मग त्यांनी ओलं आणि कोरडं दोन्ही समोर ठेवलं. गायी ओल्याकडे फारशा फिरकल्याच नाहीत. हे २००७ साली छापून आलं.

नुसता सिमेंटचा कोबा असला तरी पंचाईतच. गायीचं वजन पाच-सहाशे किलो असू शकतं! कडक जमिनीवर उठ-बस करून पायांच्या सांध्यांवरची कातडी सोलवटते. मग गाय तासन् तास उभीच राहते आणि खूर दुखायला लागतात. मला तर वाटतं, गोठ्यात शिरल्यावर आधी पायाखालची जमीनच बघावी. मऊ आहे का? कोरडी आहे का?

आणि समोर मोकळी जागा आहे का? ती कशाला, असं विचारतोस? चल, करून बघ! रांगायच्या पवित्र्यात ये. आता हातांची कोपरं जमिनीला टेकव आणि आधी ढुंगण वर उचल. आपोआप डोकं पुढे झुकलं ना? गायही अशीच उठते! ती डोकं जोरात पुढे झोकते, त्या झोकाबरोबर मागचे पाय सरळ करते. क्षणभर पुढच्या गुडघ्यांवर टेकलेली असते. मग एकेक पुढचा पाय उचलून उभी! आता भिंतीला डोकं लावून हेच कर बरं. अडकलास ना! दावं आखूड असलं किंवा समोर भिंत असली, की गायीचंही असंच होतं. उठायला त्रास, म्हणून मग बसायलाच नको वाटतं.

महाराष्ट्रात आता पुष्कळ शेतकरी ‘मुक्त संचार गोठा’ करतात. तिथे गाय दावणीला बांधलेली नसते. चारा, पाणी, सावली, मातीचं अंगण, सगळं एकाच कुंपणात! हवं तिथे जा, हवं तेव्हा बस! उन्हाळ्यात मात्र सावली दाट हवी. गरम झालं, की गाय उभी राहते, म्हणजे अंगाला सगळीकडून वारा लागतो.

गाय उठताना दिसली, की नीट बघ हं. मागचे पाय आधी! आणि घोडा दिसला तर त्यालाही बघ. तो उठतो बरोबर उलटा, पुढचे पाय आधी!